त्याची बायको फळीवर, माझी कपाटात

त्या सूपवाल्या म्हाताऱ्यानं माझं काही वाकडं केलेलं नाही. तरी पहिल्या दिवसापासून तो मला बघवत नाही.

मी परदेशात पोराकडं, सिटीवेस्टला राहतो. कारभारीण गेली, पोरगा गावी आला, दिवसकार्य उरकलं आणि घराला कुलूप घालून मला इकडं घेऊन आला. तिथं एकट्याचं कोण बघणार म्हणाला. माझी शाळा चौथीपर्यंत. सगळा जन्म एसटीच्या डेपोत पत्रे ठोकण्यात गेला. इथं ठोकायला काही नाही. सकाळी पोरगा आणि सूनबाई कामाला, नात शाळेला आणि मी खिडकीत.

एका रविवारी सूनबाई म्हणाली, आज आबांना फो खायला नेऊ. फो म्हणजे व्हिएतनामी लोकांचं सूप, त्यात तांदळाच्या चपट्या शेवया. लुआसनं, म्हणजे इथल्या ट्रामनं, शहरात गेलो. दुकानाबाहेर ही रांग. पावसाची भुरभुर अंगावर घेत माणसं उभी आणि एकाच्याही तोंडावर आठी नाही. मी पोराला विचारलं, फुकट वाटतात काय रे? तो म्हणाला, रविवारी अशीच रांग असते, जरा दम धरा.

दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थांबलो. काळा होईपर्यंत भाजलेला कांदा, आलं, दालचिनी, चक्रीफूल. आमच्यात मटणाचा रस्सा करायचा तर कारभारीण कांदा असाच निखाऱ्यावर टाकायची. ती गेल्यापासून तो वास नाकात गेला नव्हता. मागच्या माणसानं मला हळूच पुढं सरकवलं, तेव्हा चाललो.

वाडगा आला तो घमेल्याएवढा. गाईचं मटण मी खात नाही, म्हणून पोरानं कोंबडीचं सांगितलं होतं, त्याचं पातेलं वेगळं असतं. बाजूला ताटलीत मोड आलेले मूग, तुळशीसारखा पाला, लिंबाची फोड, मिरची. नात मला काड्या धरायला शिकवत होती. मी काड्या ठेवल्या आणि वाडगा तोंडाला लावला. चांगलं होतं. सूनबाईनं विचारलं तेव्हा मी बरं आहे म्हणालो.

तेवढ्यात भटारखान्यातून एक वाळकासा म्हातारा आला. माझ्याच वयाचा, अंगात एप्रन. हातात एक वाडगा. बाहेर रांग, आत माणसं टेबलावर बोटं वाजवतायत आणि हा बाबा तो वाडगा घेऊन सरळ कोपऱ्यात गेला. तिथं भिंतीला लाल फळी ठोकलेली. फळीवर संत्री, उदबत्तीचं भांडं आणि एका बाईचा फोटो. त्यानं वाडगा तिच्यापुढं ठेवला, काड्या नीट जोडून ठेवल्या, उदबत्ती लावली. जरा उभा राहिला. मग आत गेला.

मी पोराला म्हणालो, विचार त्या पोरीला, कोण ती. वाढणारी पोरगी त्या म्हाताऱ्याचीच लेक निघाली. इथंच वाढलेली, बोलणं इथल्यासारखं, दर वाक्याला ग्रँड, म्हणजे झकास. तिनं सांगितलं, ती माझी आई. दोघांनी मिळून दुकान काढलं. आता ती नाही, पण दुपारी नवं पातेलं उतरलं की त्यातला पहिला वाडगा रोज तिचाच.

उदबत्ती संपली तसा म्हातारा परत बाहेर आला. फळीवरचा वाडगा उतरवला आणि फळीखालच्या लहान टेबलावर बसून तोच वाडगा खाल्ला. सूप एव्हाना गार झालेलं. गरम सुपाचं पातेलं आत भरलेलं असताना हा गार खातो. आधी बायको जेवली, मग हा. आमच्या घरात सगळा जन्म उलटं चाललं. मी उठलो की ती बसायची. तसंच असतं आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही आहे असं मी म्हणत नाही. पण त्याला तसं खाताना बघितलं आणि माझं पोट दुखायला लागलं. सुपानं नव्हे.

कारण माझी कारभारीण तेव्हा कपाटात होती.

खरंच कपाटात. स्वयंपाकघराच्या वरच्या कपाटात, पिठाच्या डब्यांमागं, माझ्या टॉवेलात गुंडाळलेली. गावाहून फोटो मीच आणला होता. पण घर भाड्याचं आणि भिंतीला एकही खिळा मारायचा नाही असं मालकानं बजावलेलं. जन्मभर हातोडा चालवलेल्या माणसाला एक खिळा मारता येईना. मग टीव्हीशेजारी ठेवला. तर नात फोटोपुढं जाऊन बसायची. तिची आजी म्हणजे फोनमध्ये दिसणारी, बोलणारी, हिला नाच म्हणणारी. ही आजी बोलेना. पोरीनं रडून रडून ताप काढला. तेव्हा सूनबाई मला म्हणाली, आबा, थोडे दिवस आत ठेवू का? मी होय म्हणालो. पोरीपुढं काय बोलणार? सूनबाईनं फोटो दोन्ही हातांनी उचलून ठेवला, आपटला नाही, तेही सांगतो. पण थोडे दिवस म्हणता म्हणता उन्हाळा गेला.

त्या रविवारपासून मला चैन पडेना. त्याच्या बायकोचा फोटो हसरा. दात दिसतायत, केस वाऱ्यानं उडालेत, कुणी तरी समुद्रावर काढला असावा. माझ्याकडं हिचा एकटीचा फोटोच नाही. भाचीच्या लग्नातल्या घोळक्यातून स्टुडिओवाल्यानं हिला कापून काढली आणि मागं निळं आभाळ चिकटवलं. डोक्यावर पदर, नजर खाली, ताटाकडं. त्याच्या बायकोला रोज अख्खं दुकान बघतं. माझीला पिठाचे डबे. त्याला सूप करता येतं. मला चहा. देवानं त्याचीही बायको नेली आणि माझीही नेली, पण त्याच्याकडं सगळं शिल्लक ठेवलं.

मग मी एकटाच जायला लागलो. पोरानं लुआसचं कार्ड दिलं होतं, गाडी आमच्या इथूनच सुटते, चुकायचा प्रश्न नाही. दुपारी दुकान रिकामं असतं. फळीजवळच्या टेबलावर बसायचो, कोंबडीचं सूप मागवायचो आणि त्या फोटोकडं बघत बसायचो. आज तरी म्हातारा विसरेल, उशीर करेल, गरम वाडगा स्वतःच खाईल, म्हणून बघायचो. एकदा तरी चुकावं त्यानं. नाही चुकला. एक दिवस पडसं होतं त्याला, शिंकत होता, तरी तोंड बाजूला करून वाडगा ठेवला.

माझं बघणं त्याच्या लक्षात आलं. एका दुपारी त्यानं आपली खुर्ची उचलली आणि माझ्या व फोटोच्या मधोमध ठेवून बसला. पाठ माझ्याकडं. मला आधी कळेना. मग कळलं. गड्याला वाटत होतं मी त्याच्या बायकोकडं बघतो. हसू आलं मला. किती तरी दिवसांनी आलं. कारभारीण असती तर तिला घरी जाऊन सांगितलं असतं आणि तिनं मला धुतला असता.

लेकीनं बापाला काही तरी विचारलं, बाप गुरगुरला. मग ती माझ्याकडं आली आणि मला कळेल अशा सावकाश इंग्रजीत म्हणाली, "बाबा विचारतात, तुमची बायको कुठं असते?"

मी तिच्या आईच्या फोटोकडं बोट केलं, मग वर आभाळाकडं. तिला कळलं. ती म्हणाली, मग तिचा फोटो कुठं आहे?

"प्रेसमध्ये," मी म्हणालो. इथं कपाटाला प्रेस म्हणतात, माझी नातही तसंच म्हणते. त्या वाढणाऱ्या पोरीला वाटलं मी चुकलो. तिनं भिंतीतलं कपाट उघडून दाखवलं, यात? मी मान हलवली, होय, यातच. दार लावून.

तिनं ते बापाला सांगितलं. म्हाताऱ्यानं हातातल्या काड्या खाली ठेवल्या. खुर्ची फिरवून माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं, आता हा माझी कीव करणार. तसं झालं असतं तर मी त्या दुकानात परत पाऊल टाकलं नसतं. पण तो उठला, फळीवरची संत्री एका बाजूला सरकवली, हसऱ्या बायकोला थोडं डावीकडं केलं आणि रिकाम्या झालेल्या जागेवर टकटक केलं. घेऊन ये.

दुसऱ्या दिवशी सगळे बाहेर पडल्यावर मी कपाट उघडलं. टॉवेलावर पीठ सांडलं होतं, ते झटकलं. फोटो पिशवीत घातला आणि निघालो. लुआसमध्ये ती माझ्या मांडीवर. तिला विमानात बसायचं होतं, बर्फ बघायचा होता. पासपोर्ट काढून झाला होता. मी पिशवीचं तोंड खिडकीकडं केलं, दिसू दे तिला. समोर बसलेल्या बाईनं पिशवीत डोकावून बघितलं आणि माझ्याकडं बघून मान तुकवली. तिला काय समजलं कुणास ठाऊक.

दुकानात बाप-लेक दोघं वाट बघत होते. म्हाताऱ्यानं फोटो दोन्ही हातांनी घेतला. काचेवर पीठ राहिलं होतं. त्यानं एप्रनचा कोपरा घेतला, तोंडाची वाफ दिली आणि काच पुसायला लागला. हळूहळू, कडेपासून आत. तिच्या कपाळावरून, गालावरून.

माझं डोकंच फिरलं. हे मला का नाही सुचलं? ती माझी बायको. तिच्या तोंडावरचं पीठ दुसऱ्या माणसानं पुसावं? आता हा तिला फळीवर बसवणार, आपल्या बायकोच्या शेजारी, पाहुणी म्हणून. रोज हा रांधणार, रोज हा वाढणार. मी ओळखून आहे माझ्या माणसाला. दोन दिवसांत तिला त्याच्या हातची चव लागली असती आणि वरून मला म्हणाली असती, बघा, शिका जरा.

"नाही," मी म्हणालो आणि फोटो त्याच्या हातातून काढून घेतला. जरा हिसकावलाच.

दुकानात दोनच गिऱ्हाइकं होती, तीही बघायला लागली. लेकीचं तोंड उतरलं. इतकी चांगली वागलेली माणसं आणि मी असा. म्हातारा मात्र आपल्या रिकाम्या हातांकडं बघत होता. मग त्याच्या गळ्यातून खाकरल्यासारखं हसू आलं आणि तो लेकीला काही तरी बोलला.

ती म्हणाली, "बाबा म्हणतात, मी पण दिली नसती."

मी फोटो पिशवीत घातला. निघताना बघितलं, त्यानं संत्री परत जागेवर ठेवली होती. एक संत्रं त्यानं माझ्या पिशवीत टाकलं. ते माझ्यासाठी नव्हतं, एवढं मला कळलं.

घरी आलो आणि पिठाचा डबा काढला. बेसन सापडलं. कांदा बर्नरच्या जाळावर धरायचा होता, पण इथली शेगडी काचेची, जाळच नाही. तव्यावर कोरडाच टाकला, करपेपर्यंत. धूर झाला, छताला लावलेलं धुराचं यंत्र बोंबलायला लागलं, ते लाटण्यानं बंद केलं. पिठलं करायचं म्हणजे पाण्यात पीठ घालत हाटायचं, एवढं मी तिला करताना बघितलं होतं. बघणं आणि करणं यात फरक पडतो. गाठी झाल्या, सुपारीएवढ्या. मीठ दोनदा पडलं.

फोटो जेवणाच्या टेबलावर ठेवला, भिंतीला टेकून. खिळा नको, काही नको. पुढं ताटली, ताटलीत पिठलं, शेजारी संत्रं. उदबत्ती लावायला धीर झाला नाही, ते यंत्र परत ओरडलं असतं.

संध्याकाळी दार उघडलं. सूनबाईनं आधी वास घेतला, मग टेबल बघितलं, मग नातीकडं बघितलं. मी आडवा उभा राहिलो. म्हणालो, मी कुठं खिळा मारला नाही. पण आता ही आत जायची नाही. जायची असेल तर मीही तिच्याबरोबर कपाटात बसतो, जागा करा.

कुणी हसलं नाही. पोरगा बूट काढता काढता थांबला. नात टेबलाजवळ आली, हनुवटी टेबलावर टेकवली आणि फोटोच्या काचेत बघत राहिली. आजी खाली का बघते, असं तिनं तिच्या इंग्रजीत विचारलं. पोरगा मला सांगायला गेला, पण तेवढं मला कळतं.

मी म्हणालो, "पिठल्यात किती गाठी झाल्या ते मोजतेय."

नातीनं ताटलीत बघितलं. मग बोट घालून एक गाठ दाबून फोडली. आतून कोरडं पीठ निघालं. तिनं तोंड वाकडं केलं आणि आजीकडं बघून मान हलवली, नाही जमलं म्हणून. रडली मात्र नाही.

सूनबाईनं पर्स खाली ठेवली. ती चार ताटं घेऊन आली, पण वाढायला बसेना. म्हणाली, "आबा, आईंचं होऊ द्या आधी."

मग आम्ही सगळे ताटलीपुढं बसून राहिलो, पोरगा फोन पालथा घालून. पिठलं गार झाल्यावर मी ती ताटली माझ्याकडं ओढली.

आता फोटो तिथंच असतो. रोज मीच रांधतो, गाठी कमी झाल्यात. महिन्यातून एखाद्या दुपारी त्या म्हाताऱ्याकडं जातो. तो खुर्ची मध्ये घालत नाही, शेजारी घालतो. पण गारेगार सूप तो कसा सुर्र करून पितो ते बघितलं की परत पोटात दुखतं. त्याचं सूप गार झालं तरी घशाखाली उतरतं. गार पिठल्याचा गोळा होतो आणि तो पाण्याच्या घोटाबरोबर ढकलावा लागतो.