उसवलेली पुस्तकं

आमची इहीन सुगंधाबाई पान उलटायची ती बोटाला थुंकी लावून. साधी थुंकीही नाही, गुडाखूची. तंबाखूची ती काळी राब सकाळ-संध्याकाळ दातांवर घासायची आणि त्याच बोटानं माझ्या नातीच्या पुस्तकाचं पान पलटवायची. कोपऱ्या-कोपऱ्यावर तपकिरी डाग. आणि म्हणे नाव सुगंधा! मी चौथीतून शाळा सुटलेला माणूस, पण पुस्तकाला पाय लागला तर हात लावून कपाळाला लावणारा. ते पाहून मला घास गिळवत नसे.

ती माझ्या सुनेची आई, आष्टीची. आमच्या तळेगावला येऊन राहिली ती माझ्या नातीसाठी. नातीचं नाव मैत्री. पोरीला रक्तातला सिकलचा आजार. सांध्यांत कळा निघाल्या की दिवसच्या दिवस अंथरुणात. शाळा बुडता बुडता सुटलीच, मग हिनं तिला घरीच शिकवायचं ठरवलं. मला कोणी विचारलं नाही. आमच्या बापजाद्यांनी शाळेची पायरी चढायला शिव्या खाल्ल्या, आणि आमची पोर घरात बसून शिकणार! मी तोंडावर म्हटलं, "इहीनबाई, घरी बसून कोणी शिकते काय? माह्यासारखीच अडाणी राहीन ते."

"तुमच्यासारखी जिद्दी झाली तं बरंच हाय, इवाईबुवा. येवढी खडूस नोको."

आमच्यात आईबाप लेकीच्या सासरी मुक्काम करत नाहीत. ही राहिली, आणि वरून भाजी मागून घ्यायची. म्हणायची, "लाजलं तं पोट भरत नाई. न् इचारलं नाई तं डोस्कं भरत नाई."

खरी किळस आली ती तिनं पुस्तकाला ब्लेड लावलं तेव्हा. कोरं करकरीत, जाडजूड पुस्तक, आणि बाई पाठीकडून त्याचे तुकडे करते आहे.

"काऊन फाडून राह्यल्या पुस्तक?"

"फाडून नाई, उसवून राह्यली. जाड पुस्तक पोरीच्या मनगटाले पेलत नाई. न् भाकर कोणी अख्खी तोंडात कोंबते काय?"

शिवण शोधून दोरा कापायची, थोडी थोडी पानं मोकळी करायची, गोधडीच्या सुईनं टाके घालायची, वर जुन्या कॅलेंडरचं पान. एक गड्डी संपली की मैत्री ओरडायची, "आजी, पुढचं!" ही गुडाखू घासत म्हणायची, "आंधी मांगचं सांग. तो असा काऊन वागला? मंग पुढचं." घरात पाटी नाही, घंटा नाही, परीक्षा नाही. हळद लागलेल्या गड्ड्या तेवढ्या जिकडेतिकडे. हिला मी शाळा म्हणू?

वर्षावासात, पावसाळ्याचे तीन महिने, आमच्या विहारात रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन होतं. ग्रंथ पांढऱ्या कापडात गुंडाळून माझ्याच घरी असतो. तो नेणं-आणणं माझा मान. त्या वर्षी सुगंधाबाई म्हणाली, "पोरगी अंथरुणातून भोंग्यावर ऐकते. तिले सोताच्या डोयानं वाचाचा हाय. द्या मले चार दिवस."

"हात तं लावून पाहा! ब्लेडवाल्या बाईले ग्रंथ?"

ती आष्टीला गेली, मेलेल्या नवऱ्याचा ग्रंथ घेऊन आली, आणि माझ्याच ओट्यावर बसून उसवला. म्हणाली, "त्याईनं जनमभर कपाटात ठेवून पुजला. वाचाचा राहूनच गेला." समारोपाच्या पौर्णिमेपर्यंत मी त्या बाईशी बोललो नाही.

त्या दिवशी पोरीला बरं होतं. मुलानं उचलून विहारात आणली. रोजचा वाचणारा बसणार, तेवढ्यात मैत्रीनं आपली शेवटची गड्डी काढली. "मी वाचू?" वाचली खणखणीत. मधेच थांबली, मान वर करून म्हणाली, "समजलं काय? का परत वाचू?"

त्या विहारात असं कोणी कधी विचारलं नव्हतं. वाचणारा वाचतो, ऐकणारे डुलक्या घेतात, शेवटी 'साधु, साधु' असा साधुकार देऊन घरी जातात. म्हाताऱ्या पुढे सरकल्या. "वाच, माय. परत वाच."

मला मात्र चारचौघांत गड्डीवरचा तो तपकिरी डागच दिसत होता. सुगंधाबाई दाराशी उभी. तोंड गुडाखूनं भरलेलं, साधु म्हणता येईना, डोळ्यांतून धार लागलेली. मी म्हटलं, "थुकून या आंधी!"

माघात ती गेली. तोंडातच दुखणं निघालं. त्या घाणीनंच खाल्लं तिला. सतरा वेळा बोललो होतो. पोरीला प्रश्न विचारायला शिकवते आणि स्वतः एक शब्द ऐकत नाही! मला अजून राग येतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मैत्रीचे सांधे पुन्हा धरले. उशाशी नवीन पुस्तक, अख्खं. घरात आम्ही दोघंच.

"आबा, उसवून द्या न."

ब्लेड घेतलं. मला कुठली शिवण दिसते? जोर लावला तर भलतीकडेच तुटलं, वाक्याच्या मधात. पहिला तुकडा तिच्या छातीवर ठेवला, उरलेलं माझ्या हातात. ती तुटल्या जागेपर्यंत वाचत आली.

"पुढचं, आबा!"

"हे घे."

"हात दुखून राह्यले. तुमीच वाचा न."

चष्मा लावला. अक्षराला अक्षर जोडत ते वाक्य पुरं केलं. पोरगी म्हणाली, "मंग?"

पुढची पानं एकमेकांना चिकटलेली. नखानं निघेनात. मी दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं.

"शी!" म्हटलं, आणि बोट जिभेला लावलं.