पोळलेला हात

आमच्या कुंभारी गावात माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे अक्कम्मांच्या, कडक भाकरीला तोड नाही. नवी पेठेतला दुकानदार त्यांची भाकरी आल्याशिवाय दुसऱ्या कुणाची घेत नाही. मी त्यांना अत्त्या म्हणते. त्यांचं तोंडही तव्यासारखंच तापलेलं. माझी भाकरी बघून म्हणायच्या, "सिद्धेश्वरी, भाकरी थापलीस का गादी भरलीस गं?"

पाळी जाऊन कैक वर्षं झाली होती, आणि त्यांना परत रक्त जाऊ लागलं. शेजारी असं झालं असतं तर बाई बाजूला बसली असती, गल्लीभर कळलं असतं. आम्ही लिंगायत. गळ्यात लिंग आहे तिला विटाळ कसला? याचा मला केवढा अभिमान! अत्त्या रोज लिंगपूजा करत राहिल्या, भाकरी थापत राहिल्या आणि कुणाला पत्ताच लागला नाही. एक दिवस चुलीपुढंच चक्कर येऊन पडल्या, हात तापल्या तव्यावर गेला. दवाखान्यात नेलं तेव्हा सगळंच बाहेर आलं. गर्भाशयाचा कॅन्सर.

ऑपरेशन ठरलं. डॉक्टरीणबाई रक्ताचा रिपोर्ट बघून म्हणाल्या, "पांढऱ्या पेशींचं प्रमाण बिघडलंय. शरीरात कुठंतरी सूज आहे. या आजारात असं दिसलं की तो गर्भाशयाबाहेर पसरल्याची शंका वाढते. नुसत्या रक्तावरून खात्रीनं सांगता येत नाही. हाताची जखम चिघळलीय, तिच्यामुळंही असेल."

बुडत्याला आणखी काय हवं असतं? आम्ही सगळे त्या हाताच्या मागं लागलो. माझे यजमान सोमशेखर स्वतः पट्टी बदलायचे. मी अत्त्यांना पाण्यात हात घालू देत नव्हते. आधी कुरकुरणाऱ्या अत्त्या नंतर स्वतःच आठवण करून द्यायला लागल्या, "मलम लाव की गं. हात बरा झाला की रक्तबी सुधारतंय."

हात खरंच बरा झाला. गुलाबी, कोवळी कातडी आली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी परत रक्त घेतलं. बिघाड आधीपेक्षा वाढलेला होता.

"जखम तर भरली," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "आता शंका आतलीच. उद्या पोट उघडल्यावर बघू, मग आजूबाजूच्या गाठी काढून तपासायला पाठवू."

मला त्या कागदाचा इतका संताप आला! नुसती भीती घालतो. ना धड हो म्हणतो, ना नाही. आणि मी त्याचं काय वाकडं करणार होते?

अत्त्या बाहेर बाकावर बसल्या होत्या. मला बघताच हात पुढं केला. "काय म्हणत्यात? हात बरा झालाय न्हवं?"

"व्हय अत्त्या," मी म्हणाले. "हात बरा झालाय."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मग मान खाली घालून त्या कोवळ्या कातडीवरून बोट फिरवलं.

"बरं व्हायची एवढी कसली घाई होती रं तुला?" त्या हाताला म्हणाल्या, आणि तो पदराखाली झाकून घेतला.