लासारने लपवलेली कालवड

लासारचं घर गोल, कुडाचं. भोवती मातीचा उंच बांध, बाहेर खंदक. लांडग्यांना आणि गुरचोरांना तेवढं पुरे व्हायचं. पण घरचंच माणूस घर सोडून निघालं, तर बांध काय करणार!

रोनात सातव्या वर्षी इथे वाढायला आली. आमच्या मुलखात पोरं दुसऱ्याच्या घरी वाढवायला देतात, त्यात नवल नाही. पण लासारची कूस उजवली नव्हती, आणि तिने या पोरीत जीव गुंतवला. अशा पोरांना बापाच्या ऐपतीप्रमाणेच खाऊ घालायची रीत; त्या हिशेबाने रोनातच्या लापशीत ताकच पडायला हवं होतं. लासार लोणी घालायची आणि नवरा फाख्तना दिसला की घाईने ढवळायची.

चौदावं सरलं आणि बाप घोडं घेऊन दारात आला. निरोपाच्या वेळी वाढवणाऱ्यांनी पोरीला भेट द्यायची, मग म्हातारपणी त्यांना सांभाळणं पोरीवर आलं, असा रिवाज. भेट म्हणून कालवड ठरली होती. लासारने ती पहाटेच लांबच्या कुरणात हाकलली.

"कालवड कुठं हुंदडतेय कोण जाणे," ती म्हणाली. "सापडली की रोनातनंच येऊन न्यावी."

"राहू द्या हो! भेट नाही, तर बांधिलकीही नाही," बाप म्हणाला. तो मनातून खूशच होता.

ती दोघं दिसेनाशी झाल्यावर फाख्तनाने कपाळावर हात मारला. "अगं बये, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलास! आता कशाला फिरकेल ती?"

"येईल," लासार म्हणाली.

वर्षं सरली. फाख्तना वारला. खंदक गाळाने भरत आला. लासार रोज बांधावर बसायची. शेजारीण दर्बाल टोमणे मारायची, "वाट बघून बघून तुझे डोळे जातील, पण वाट काही माणूस आणून देणार नाही!" लासारला ते लागायचं, तरी ती उठत नसे.

एका दुपारी बांधाच्या दारातून एक बाई आत आली. केसांत रुपेरी बटा.

"माये."

लासारने तिला मिठीच मारली. "राहशील ना गं?"

"माहेरी निघालोय. बाबा गेले. हे खाली घोड्यापाशी थांबलेत." रोनात घुटमळली. "एक विचारू? बाबा म्हणायचे, तुला मी नकोशी झाले होते, म्हणून कालवड हरवल्याचं निमित्त करून हात हलवत पाठवलंस. खरं का गं? त्या भीतीनंच पाऊल उचलत नव्हतं."

"नकोशी?" लासारने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "अगं, तू परत यावीस म्हणून मीच लपवली होती ती कालवड!"

रोनात तिला बिलगली. खालून नवरा हाका मारत राहिला. अर्धं आयुष्य दोघी एकमेकींसाठी झुरल्या होत्या, आणि आता उजेड असेपर्यंतचाच वेळ हातात होता.