देशात पहिला, आमच्या गल्लीत

मी मोबाईलबद्दल बोलते आणि लोक ऐकतात, हे माझं काम. कुणी विचारलं की एका दमात असं सांगून टाकते, कारण सावकाश सांगायला गेलं की समोरचा मध्येच विचारतो, ‘म्हणजे दुकान हाय का?’ दुकान नाही हो. लातूरजवळच्या मुरुडला आमच्या घराच्या वरच्या खोलीत एक टेबल, दोन दिवे, मागं निळी चादर आणि माझं तोंड, एवढ्यावर सगळं चालतं. नवा फोन आला की मी तो वापरून बघते आणि घ्यावा की घेऊ नये ते कॅमेऱ्यासमोर सांगते.

सुरुवात चिडून झाली. माझं माहेर कंधारचं. लग्न होऊन मी मुरुडला आले आणि तिकडं आईनं नवा फोन घेतला. रोज तिचा कॉल, ‘बाई, अक्षरं बारीक दिसायलीत, मोठी कशी करू?’ मी सांगायचे, ती दुसऱ्या दिवशी तेच विचारायची. माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. एक दिवस वैतागून व्हिडिओच केला आणि पाठवून दिला, ‘हे बघ, दहादा बघ, पण मला आता विचारू नको.’ आईनं तो मावशीला पाठवला, मावशीनं तिच्या भजनी मंडळाला, आणि मंडळातल्या बायांनी पार कुठं कुठं. अनोळखी बायकांचे निरोप यायला लागले की ताई, आमच्या फोनचं पण सांगा की. मी सांगत गेले.

पुण्या-दिल्लीचे लोक फोनमध्ये काय काय मोजतात ते मीही शिकले, पण माझ्या बायांना त्याचं काय करायचं? मी फोन घेऊन गच्चीवर जायची, भर उन्हात मिरच्या वाळत घातलेल्या असायच्या, तिथं उभं राहून स्क्रीन वाचता येतेय का बघायची. पिठाच्या गिरणीत जाऊन घंटी ऐकू येते का बघायची. गिरणीवाला म्हणायचा, ‘ताई, दळण कुठाय?’ आणि शेतात काम केलेल्या हाताचा अंगठा फोनला कळतो का, हे तर बघायचंच, कारण आमच्या निम्म्या बायकांचे अंगठे झिजलेले आणि फोन म्हणतो, तुम्ही कोण? यावर मी एकदा कॅमेऱ्यासमोर एका फोनला असं काही झापलं की तो व्हिडिओ सगळ्यात जास्त चालला. पुढं पुढं लातूरच्या बसस्टँडवर बायका ओळखायला लागल्या. नांदेडचा एक दुकानदार तर हात जोडून म्हणाला, ‘मॅडम, तुमचा व्हिडिओ बघून गिऱ्हाईक येतं आणि मलाच शिकवतं.’ मला लई बरं वाटलं.

माझं काम सगळ्यांना कळलं, एक घर सोडून. ते घर आमचंच. सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडं तशीच पद्धत. आत्या स्वभावानं गोड, पण दार लावून एकटीच बडबडणारी सून त्यांच्या पचनी पडेना. मी रेकॉर्डिंग सुरू केलं की खाली बरोब्बर कुकरची शिट्टी व्हायची. गल्लीतल्या बायका विचारायच्या, ‘सूनबाई वर कुणाशी बोलायलीय?’ मी एकदा जिन्यावरून ऐकलं, आत्या सांगत होत्या, ‘क्लास घेती लेकरांचा, कंप्युटरवर.’ मला कसं वाटलं म्हणून सांगू! त्यांचा मुलगा शिक्षक, तेव्हा सूनही शिकवते म्हटलं की प्रश्न मिटला. भांडावं असं फार वाटलं. पण भांडून काय मिळणार, त्या खोटं बोलत होत्या ते माझी लाज झाकायला. त्यांच्या लेखी ती लाज होती, हेच तर माझं दुखणं होतं.

अशात एका मोठ्या कंपनीचा मेल आला. त्यांचा नवा फोन बाजारात यायच्या आधी ते काही मोजक्या लोकांना पाठवतात, म्हणजे विक्री सुरू होते त्याच दिवशी सगळ्यांचे व्हिडिओ तयार असतात. आजवर ही माणसं मोठ्या शहरांतलीच. या वेळी यादीत मी होते! मराठीतून बोलणारी, मुरुडची. मी घरभर नाचले. अट एकच होती आणि ती कडक होती. शुक्रवारी दुपारपर्यंत फोनचा फोटो बाहेर गेला नाही पाहिजे. गेला तर फोन परत आणि यादीतून नाव कायमचं बाद.

फोन बुधवारी आला. आत्या दारातच होत्या, म्हणून त्यांना बजावून सांगितलं, ‘आत्या, हा अजून देशात कुणाकडंच न्हाई. कंपनीनं मला आधी दिलाय. कुणाला सांगायचं न्हाई बरं का.’ त्यांनी खोक्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. ‘कुणाकडंच न्हाई?’ ‘कुणाकडंच.’ ‘बरं,’ म्हणाल्या आणि आत गेल्या. मी फोन कपाटात ठेवला.

गुरुवारी एक दिवा उडाला म्हणून मी लातूरला गेले. दुपारी परत आले तर आमच्या दारात चपलांचा ढीग. वाटलं आत्यांना काही झालं. धावत आत गेले.

बैठकीत सतरंजी, सतरंजीवर सगळी गल्ली. मधोमध पाट, पाटाभोवती रांगोळी, पाटावर माझा फोन पालथा, आणि त्याच्या पाठीवर ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक. शेजारी नारळ फोडलेला. आमच्याकडं नवी वस्तू घरात आली की तिची पूजा होते आणि चार बायका बोलावून ती दाखवली जाते. शिलाई मशीन असो, ट्रॅक्टर असो, नाहीतर फ्रिज. त्यात फोनचा अपवाद कशाला? आत्या नव्या लुगड्यात बसल्या होत्या आणि खोबरं-साखर वाटता वाटता सांगत होत्या, ‘आमची सून मोबाईल तपासती. ती बरा म्हणली तर लोक घेत्यात, न्हाई म्हणली तर न्हाई घेत. मोठमोठ्या कंपन्या तिला आधी पाठवत्यात. हा बगा, देशात पहिला, आपल्या गल्लीत.’

मी उंबऱ्यातच थिजले. एरवी माझं डोकं फिरायला निमित्त लागत नाही. पण जे ऐकायला मी इतकी वर्षं कासावीस झाले होते, ते माझ्यासमोर, भरल्या बैठकीत, आत्या बोलत होत्या. ओरडले असते तर त्या सगळ्या बायकांसमोर त्यांचं तोंड उतरलं असतं. मी लातूरची पिशवी खाली ठेवली आणि सगळ्यांसाठी चहा टाकला. डोळ्यातून पाणी येत होतं, ते आनंदाचं की भीतीचं ते मलाच कळेना.

समोरच्या काकूंना कप दिला तेव्हा त्यांनी कौतुकानं स्वतःचा मोबाईल माझ्यापुढं धरला. स्टेटसला फोटो होता, पाटावरच्या फोनचा, चारी बाजूंनी फुलं लावून. खाली लिहिलेलं, ‘देशात पहिला, आमच्या गल्लीत. अभिनंदन सूनबाई.’

‘काकू, काढा ओ तेवढं,’ मी काकुळतीला आले.

‘का गं? बरा न्हाई आला का? थांब, दुसरा काढते.’

‘दुसरा नका काढू!’

‘अगं, अख्ख्या गावानं बघितला, आता काढून काय?’ काकू खरंच बोलत होत्या. माझी नणंद देगलूरला दिलेली. तिच्यापर्यंत फोटो पोचला होता, तिनं तो तिच्या शेजारणींच्या ग्रुपवर टाकला होता आणि तिथून तेलुगूत ‘चाला बागुंदि’, म्हणजे फार छान आहे, असं उत्तरही आलं होतं. मी एकेकीला फोन लावत सुटले. जिला फोन लावावा ती आधी अभिनंदन करायची, मग तब्येत विचारायची, मग आमच्या शिक्षक महाशयांची चौकशी करायची, आणि फोटो काढायचं राहूनच जायचं. शेवटी मी हात टेकले.

बायका गेल्यावर आत्यांना खरी गोष्ट सांगितली. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

‘पण आत्या, मी म्हणलं होतं की, कुणाला सांगायचं न्हाई.’

‘न्हाईच सांगितलं की कुणाला!’ त्या कळवळून म्हणाल्या. ‘कुणाला म्हणजे परक्याला. ह्या तर गल्लीतल्याच हायत.’

डोक्याला हात लावून मी जी हसत सुटले ती थांबेना, आणि आत्या आणखीच घाबरल्या.

मी स्वतःहूनच कंपनीच्या बाईंना फोन केला. दिल्लीच्या, हिंदीतून बोलणाऱ्या, वयानं माझ्याएवढ्याच. फोटो त्यांच्यापर्यंत आधीच गेला होता. त्या चिडल्या नव्हत्या, थकल्यासारख्या वाटल्या. म्हणाल्या, एकच वाट आहे. घरातल्या अमुक व्यक्तीनं माझ्या परवानगीशिवाय कपाट उघडून फोन घेतला, असं नाव घालून लिहून द्या. म्हणजे दोष तुमचा राहत नाही आणि यादीत नाव टिकतं.

शाळेतून आलेल्या आमच्या ह्यांना हे सांगितलं, तर ते बूट काढता काढता म्हणाले, ‘मग लिही की. इंग्रजीत लिहायचंय, आईला कुठं कळतंय.’ मला त्यांचा असा राग आला! पण खरं सांगते, लॅपटॉप उघडून मी पहिली ओळ लिहिलीही होती. इतक्या वर्षांत असा एकच फोन आला होता. मन कुठं सोडायला तयार होतंय?

दिवेलागण झाली होती. आत्या हळूच वर आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या. वर त्या सहसा यायच्या नाहीत.

‘त्यानं सांगितलं मला खाली,’ त्या म्हणाल्या. ‘लिही माझं नाव. सासूनं केलं म्हण. कुणाला खोटं वाटंल?’

हसू फुटलं मला. मी लिहिलेली ओळ पुसली.

‘न्हाई लिहीत.’

‘अगं, खरंच हाय ते.’

‘खरं असू दे. तुम्ही काय चोरी केली का? कौतुक केलं माझं. त्याला मी गुन्हा म्हणून लिहू का?’

मी लिहिलं की फोन माझ्या घरात होता, घरच्यांनी आनंदानं तो शेजाऱ्यांना दाखवला आणि जबाबदारी माझी आहे. पाठवून दिलं. रात्रीच्या जेवणाआधी उत्तर आलं, फोन परत पाठवा. दोन ओळींचं, सभ्य उत्तर होतं.

सकाळी मी फोन खोक्यात भरायला बसले. आत्यांनी तो माझ्या हातातून घेतला, पदराच्या टोकानं कुंकू पुसलं, पण कॅमेऱ्याभोवतीच्या खाचेतलं काही निघेना. मग स्वयंपाकघरात गेल्या आणि शेंगदाण्याच्या चटणीची पुडी घेऊन आल्या, पिशवीत पिशवी, तिच्यावर आणखी एक पिशवी.

‘आत्या, कंपनी हाय ती!’

‘कंपनीत माणसंच असत्यात ना? त्यांचं त्यांना तेवढंच परत द्यायचं, आपलं काहीच न्हाई त्यात? असं कुणी पाठवतं का?’

माझ्यात वाद घालायचं त्राण नव्हतं. चटणी खोक्यात गेली.

त्याच दुपारी बाकीच्यांचे व्हिडिओ आले. दिल्ली, मुंबई, पुणे, सगळ्यांच्या हातात तोच फोन. मी बघत बसले आणि मला फार वाईट वाटलं, ते खोटं कशाला सांगू. एकानं अंगठ्याचं काहीच बघितलं नव्हतं. मी तिथंच मोठ्यानं त्याच्यावर ओरडले.

पुढच्या आठवड्यात दिल्लीच्या बाईंचा फोन आला. आत्या आता वरच्या खोलीत खुर्ची टाकून शेंगा फोडत बसायला लागल्या होत्या, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला. बाई म्हणाल्या, फोन मिळाला. नियम सगळ्यांना सारखा, तेव्हा यापुढं विक्रीआधी फोन पाठवता येणार नाही, माफ करा. मग आवाज हळू करून बोलल्या की ती चटणी ऑफिसात एका दिवसात संपली, तिखटानं सगळ्यांचे कान लाल झाले, आणि ती कुणी केली होती?

‘माझ्या सासूबाईंनी,’ मी सांगितलं.

फोन ठेवला तसं आत्यांनी विचारलं, ‘काय म्हणली गं ती?’ हिंदी त्यांना कळत होती, पण माझ्याकडून ऐकायचं होतं.

‘म्हणली, आता पुन्हा फोन पाठवणार न्हाई.’

‘आन चटणी?’

‘चटणी संपली म्हणली.’

आत्यांनी मांडीवरची टरफलं झटकली, दाण्यांचं सूप उचललं आणि उठल्या.

‘तिला न पाठवू दे,’ त्या म्हणाल्या. ‘आपण पाठवू.’