साकुराच्या गाण्यातला चिरू

या फेब्रुवारीत एका जपानी क्रियापदाने माझी आठवडाभर झोप उडवली. आता हे लिहिताना हसू येतंय, पण तेव्हा येत नव्हतं. तसं माझी झोप उडवायला फार काही लागत नाही. बाळाला ढेकर आला नाही इथपासून ढेकर जरा मोठाच आला इथपर्यंत काहीही चालतं.

मैत्रिणी म्हणतात, तुमच्या त्या गाण्याच्या ग्रुपचे किस्से लिहून ठेव. ठेवायचं कशाला, ते आपोआप साठतात. गाडीत चाइल्ड सीटखाली राइस केकचे तुकडे साठतात ना, तसे. एक काढायला हात घालावा तर चार निघतात.

*

चिरायु, म्हणजे आमचा चिरू, तेव्हा तीन वर्षांचा होता आणि त्याला अकरा शब्द येत होते. अकराच. मी ते फ्रिजवर लिहून ठेवले होते. त्यातला एक ‘डिगर’, म्हणजे त्याचा खेळण्यातला जेसीबी, आणि एक ‘नको’. नर्सरीने स्पीच थेरपीचा फॉर्म दिला होता, एप्रिलमध्ये भरून द्यायचा; त्यात प्रश्न होता: मूल तीन शब्द जोडून बोलतं का? बाकी सगळा फॉर्म भरून मी तेवढा एक चौकोन रिकामा ठेवला होता. नर्सरीतली बाई म्हणाली, तोवर त्याला मुलांच्या गाण्यांना वगैरे नेत जा.

इकडे इंग्लंडात, मिल्टन कीन्समधल्या आमच्या लायब्ररीच्या बोर्डावर कागद दिसला: चला गाऊ या, बुधवारी दहा वाजता, सगळ्यांचं स्वागत. मधल्या ओळीवर कुणीतरी योगाच्या क्लासची जाहिरात चिकटवली होती. त्या झाकलेल्या ओळीत ‘जुनी जपानी गाणी’ असं होतं, हे मला हॉलमध्ये शिरल्यावर कळलं. माझ्या एका हातात खुळखुळा, दुसऱ्या हातात चिरू, आणि समोर सात-आठ रिटायर्ड माणसं उभी राहून थरथरत्या आवाजात कुणाला तरी निरोप देत होती.

आल्या पावली परतणार, तेवढ्यात शिकवणाऱ्या हारुको-साननी (सान म्हणजे आपलं ‘जी’) चिरूला खुर्ची दिली आणि मला चहा. आता चहा प्यायल्यावर लगेच उठून कसं जायचं? त्या चहाला नऊ महिने होतील.

*

एकटीने लाजण्यापेक्षा दोघींनी लाजलेलं बरं, म्हणून मी माझ्या मैत्रिणीला, प्राजक्ताला, ओढून आणलं. ती पुण्यात सात वर्षं गाणं शिकलेली आहे. ही जपानी गाणी गाताना सूर जरा वळवायचा असतो, मुठीत धरून पिळल्यासारखा. प्राजक्ताला वाटलं, हे तर आपलंच. पहिल्याच ओळीवर तिने अशी काही तान घेतली की चिरूच्या हातातलं बिस्किट पडलं.

हारुको-सान पासष्टीच्या पुढच्या, बुटक्या, अतिशय नम्र. त्यांनी आधी टाळ्या वाजवल्या. मग वाकून म्हणाल्या, “प्राजक्ता-सान, फारच सुंदर. फक्त या गाण्यातली बाई निघून चालली आहे. तुम्ही आलात.”

*

या गाण्यांत सतत कुणीतरी निघून चाललेलं असतं. स्टेशनवर, बंदरावर, शाळेच्या फाटकातून. आणि कुठूनही निघालं तरी वर साकुराचं, म्हणजे चेरीचं, झाड असतं आणि त्याची फुलं गळत असतात. आमच्यातले जेफकाका (काका ते चिरूमुळे झाले) चाळीस वर्षं बस चालवून रिटायर झालेत. त्यांना हे पटेना. ते म्हणाले, फुलं गळली म्हणून कुणी निघत नाही, टाइमटेबल बघून निघतात.

हारुको-साननी शांतपणे समजावलं. जपानमध्ये शाळेचं वर्ष मार्चमध्ये संपतं, नवी शाळा, नवी नोकरी एप्रिलमध्ये. म्हणजे ताटातूट नेमकी चेरी फुलतात तेव्हाच. त्यामुळे झाड दिसलं की माणसं आठवतात.

जेफकाकांनी विचार केला. “आमच्याकडे त्या सुमाराला फक्त उन्हाळ्यासाठी घड्याळ एक तास पुढे जातं,” ते म्हणाले. “त्यावर कुणी गाणं केलेलं नाही.”

*

माझी आई नाशिकहून रोज व्हिडिओ कॉल करते. नातू बोलत नाही याची काळजी तिलाही आहे, पण ती माझ्यासारखी नुसती काळजी करत नाही, कामाला लागते. तिने वेखंड पाठवलं, जिभेला लावायला. ते डब्यातच आहे. मग तिने त्याला ओ द्यायला शिकवायचं ठरवलं. ती स्क्रीनमधून हाक मारायची, “चिरू!” आणि मग स्वतःच सांगायची, “ओ म्हण, ओ.” चिरू स्क्रीनला बिस्किट द्यायचा.

एकदा कॉल चालू असताना मागे माझ्या प्रॅक्टिसचं रेकॉर्डिंग लावलेलं होतं. आई बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, “ती बाई किती वेळची साखर साखर करतेय. देऊन टाक ना तिला.”

साकुरा म्हणजे चेरीचं फूल, असं मी सांगितलं. आईला त्यात काही राम वाटला नाही. म्हणाली, आधी मराठी येऊ दे पोराला, मग जपानी.

हे माझ्या मनात महिनाभर आधीपासूनच होतं, पण आईने म्हटल्यावर खरंच झालं.

*

आणि मग ते क्रियापद.

हारुको-सानची आई गायची असं एक गाणं आम्ही शिकत होतो. त्याच्या शेवटच्या ओळीत एक लांबलचक सूर आहे: “चिरूऽऽ”. तो म्हणताना हारुको-सान तळहात वरून तरंगत खाली आणतात. दर बुधवारी तो सूर आला की चिरू डिगर टाकून वर बघायचा. त्याचंच नाव ना! मला काय आनंद. शेवटी प्राजक्ताने विचारलं, याचा अर्थ काय?

हारुको-सान म्हणाल्या, “गळून पडणं. पाकळीसारखं.”

चिरू सात आठवडे आधी जन्मला होता. काचेच्या पेटीत असतानाच आम्ही नाव ठरवलं, चिरायु, पुष्कळ जगणारा. तेव्हापासून मी त्याला धरूनच आहे. रेडवेवरून, म्हणजे आमच्याकडच्या त्या पायी चालायच्या लाल रस्त्यांवरून जातानासुद्धा त्याच्या जॅकेटचा हुड माझ्या मुठीत असतो. प्राजक्ता म्हणते, “अगं, पोरगं आहे की सुटकेस?” आणि आता कळत होतं की जगातल्या एका अख्ख्या भाषेत माझा मुलगा गळून पडतोय.

नवरा, मंदार, म्हणाला, “तुझं काहीतरीच. जपानी लोक काय रोज हाक मारणार आहेत त्याला?”

“दर बुधवारी मारतात!”

*

मी शिकलेली बाई आहे. अशा गोष्टी मानत नाही. म्हणून मी हारुको-सानना अगदी सहज, तीन वेळा माफी मागून विचारलं की तो एक शब्द बदलता येईल का.

त्या हसल्या नाहीत. त्यांनी चिरूच्या नावाचा अर्थ विचारून घेतला, आणि पुढच्या बुधवारी नवे कागद आणले. शेवटी ‘चिरू’च्या जागी ‘साकू’. म्हणजे फुलणं. जेफकाकांनी विचारलं, मग आता ती बाई जात नाही का? हारुको-सान म्हणाल्या, जाते, पण झाड भरलेलं राहतं.

आम्ही गायलो. शेवटची ओळ आली. चिरूने डिगर खाली ठेवला आणि वर बघितलं. “साकूऽऽ.” तो बघतच राहिला. मग त्याने स्वतःचे बूट शोधले आणि दाराशी जाऊन उभा राहिला.

पुढच्या बुधवारीही तेच. त्याच्या अकरा शब्दांत त्याचं नाव नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. ते त्याला गाण्यातून ऐकायला मिळायची एकच हक्काची जागा होती, आणि ती मी खोडली होती. मान खाली घालून मी हारुको-सानकडे गेले. काही बोलायच्या आत त्यांनी पिशवीतून जुने कागद काढले. टाकले नव्हतेच.

*

मार्चमध्ये लायब्ररीत आमचा कार्यक्रम झाला. समोर पंचवीस-तीस माणसं, पहिल्या रांगेत मंदारच्या मांडीवर चिरू. शेवटची ओळ आली. हारुको-साननी हात वर नेला. “चिरूऽऽ.”

“ओ!”

असा खणखणीत की जेफकाकांचा सूर तिथेच सुटला. हारुको-साननी क्षणभर थांबून, गाण्यात नसताना, पुन्हा म्हटलं, “चिरूऽऽ.” पुन्हा “ओ!”

नंतर लायब्ररीतल्या बाईंनी फार कुतूहलाने विचारलं, ते लहान मुलाचं उत्तर, ती पारंपरिक पद्धत आहे का?

“फार जुनी,” हारुको-सान म्हणाल्या.

*

एप्रिलमध्ये तळ्याकाठच्या चेरी फुलल्या. हारुको-सान सगळ्यांना तिथे घेऊन गेल्या. झाडाखाली बसून खायचं, एवढाच कार्यक्रम. त्यांचे भाताचे गोळे, प्राजक्ताची साबुदाण्याची खिचडी, जेफकाकांची छत्री. फॉर्म माझ्या बॅगेत, तो एक चौकोन अजून रिकामा. दुसऱ्या दिवशी द्यायचा होता.

चिरूला झाडाजवळ जायचं होतं. मी मागून, हुड धरून. तेवढ्यात वारा आला आणि सगळ्या फांद्यांवरून पाकळ्या एकदम सुटल्या. गाणं कुणीच म्हणत नव्हतं. हारुको-सान वर बघत स्वतःशीच पुटपुटल्या, “चिरू.”

मी हुड आणखी घट्ट धरला.

चिरूने वर झाडाकडे बघितलं. मग खाली गवताकडे. मग मागे वळून माझ्या मुठीकडे.

“आई, सोड,” तो म्हणाला. “फूल पडला. मी नाही.”