मिशीवाले आत, बिनमिशीवाले बाहेर

हॉटेलातले किस्से एकट्यानं साठत नाहीत. एकानं आठवण काढायची, दुसऱ्यानं "अन् ते राहिलंच की" म्हणायचं, तेव्हा ढीग होतो. माझा तो दुसरा, गणपत, यंदा गेला. आता आठवतील तसे मीच सांगतो.

निजामाच्या काळात हिंगोली स्टेशनाबाहेर एक हॉटेल होतं. मी तिथं गल्ल्यावर हिशेब लिहिण्याचं काम बघायचो, गणपत टेबलांवर चहा-फराळ द्यायचा. मी लागायच्या जरा आधी मालकानं हैदराबादहून मॅनेजर आणला आणि कायदा आला. गिऱ्हाइकासमोर जाणाऱ्याची नखं, जीभ, चेहरा साफ पाहिजे. चेहरा साफ म्हणजे मिशीसुद्धा नको, चहात केस पडतो म्हणे.

*

मी नोकरी मागायला गेलो तेव्हा वडिलांचं तेरावं नुकतंच झालं होतं. डोकं, मिशी, सगळं उतरलेलं. मॅनेजरनं मला नीट न्याहाळलं आणि बाकीच्या उमेदवारांना म्हणाला, "ऐसा चेहरा चाहिए. कुछ सीखो इससे."

नोकरी लागली.

*

रोज सकाळी सगळ्यांनीच, आतल्यांनीसुद्धा, रांगेत जीभ दाखवायची. आचारी नामदेवमामा या कायद्यावर सगळ्यात जास्त चिडलेला, पण तपासणीला सगळ्यात पुढं. जीभ हनुवटीपर्यंत काढायचा. मॅनेजरसाहेब पुढं सरकला तरी आत घ्यायचा नाही.

"मामा, काहून एवढी?"

"दुसऱ्या कोण्या नोकरीत साहेबाला रोज वेडावता येतंय?"

दुसऱ्या दिवशी सगळ्या रांगेच्या जिभा हनुवटीपर्यंत!

*

कपबशा धुणाऱ्या गयाबाईच्या हातांवर कोपरापर्यंत गोंदण. मॅनेजरला तो मळ वाटला. "धो के आओ." ती धुऊन आली. परत पाठवली. शेवटी त्यानं स्वतःचा साबण आणून दिला.

गयाबाई त्याच्यासमोर बसली आणि हात पुढं केला. "तुमीच घासा, साहेब. माझ्या मायनं लहानपणी गोंदून घेतलंय. निघालं तर मायला सांगते, पैसे वाया गेले म्हणून."

साहेबानं साबण खिशात घातला. ओलाच.

*

मग गणपतच्या मिशीची पाळी आली. "उतरव, नाहीतर चालता हो."

"बाप हाय न माझा, साहेब."

"बाप का मूंछ से क्या ताल्लुक?"

मी सांगितलं, आमच्यात बाप गेल्यावरच मिशी उतरवतात. साहेबाला ते बहाणा वाटलं. पुढच्या बाजारी गणपतनं साखऱ्याहून, आपल्या गावाहून, बापालाच बैलगाडीत घालून आणलं. म्हातारा खुर्चीत बसला, आपल्या पांढऱ्या मिशीला पीळ दिला.

"बराबर बघून घ्या, साहेब. जित्ता हाय मी. मंग पोराची मिशी काहून मागता?"

साहेबानं म्हाताऱ्याला चहा पाजला. गणपतची नोकरी राहिली, पण टेबलं गेली. मिशीवाले आत, बिनमिशीवाले बाहेर. ज्याला गिऱ्हाइकं नावानं हाक मारायची, तो गणपत चुलीपाशी कांदे चिरू लागला. "कांद्यानं येतंय डोळ्याला पाणी," म्हणायचा. मिशी मात्र रोज तेल लावून यायची.

*

त्या हिवाळ्यात गणपत न सांगताच गावी गेला. बरेच दिवस आला नाही. एका सकाळी मॅनेजर दारातच उभा होता, हजेरी घ्यायला. गणपत आला. डोक्याला टोपी, तोंड कोवळ्या पोरासारखं गुळगुळीत.

साहेबानं रागवायला उघडलेलं तोंड मिटलं. मग हळूच बाजूला झाला.

गणपत चुलीकडं गेला नाही. त्यानं थेट मोठ्या टेबलाचा ट्रे उचलला.

"बघून घ्या, साहेब. आज कायद्यात हाय. महिन्याभरात परत उगवंल."