बिननंबराचा चष्मा

रविवार, माघातली सकाळ. घरात हजर : मी. नवरा इंझोरीच्या शेतावर, हरभरा सोंगायला. मुलगी पल्लवी पुण्यात, तिचा तीन वर्षांचा मुलगा तिच्यापाशी. म्हणजे मी एकटीच. म्हणूनच लिहायला बसले. हे मी कोणाला सांगितलेलं नाही — बहिणीला नाही, विहारात शेजारी बसणाऱ्या मैत्रिणींना नाही, आणि ज्यांना सांगायला हवं त्या दोघांना तर नाहीच.

मी मानोऱ्यात एका कार्यालयात आवक-जावक पाहते. आलेला कागद नोंदवायचा, गेलेला नोंदवायचा. घरीही तसंच. फ्रिजवर कायम एक यादी लावलेली. पल्लवी चार वर्षांची होती तेव्हा त्या यादीत एक ओळ होती : सायंकाळी सात, पुस्तक वाचून दाखवणे — बाबा. ओळ मीच लिहिलेली. सातला मी स्वयंपाकात असायचे, हे शेतावरून येऊन मोकळे असायचे. एवढाच विचार.

हे सातवी शिकलेले. ओळीखाली बोट ठेवून वाचायचे, जोडाक्षर आलं की थांबायचे. मोठ्या अक्षरांचं एक पुस्तक होतं, कळपातून चुकलेल्या उंटाच्या पिल्लाचं. पुस्तकात वाळवंट होतं. ह्यांच्या तोंडून मात्र ते पिल्लू दरवर्षी आमच्याकडे मेंढ्या-उंट घेऊन येणाऱ्या काठेवाड्यांच्या कळपातून सुटायचं आणि सरळ आमच्या रस्त्याला लागायचं.

"चालून राह्यलं, चालून राह्यलं, अन् इंझोरीच्या फाट्यावर थांबलं."

"काहून थांबलं?"

"एस.टी. कुठी आली होती, बाई! अन् आली त कंडक्टर म्हने, उंटाच्या मानेचं तिकीट अलग लागते."

पल्लवी लोळून हसायची. मी पोळ्या लाटता लाटता ऐकायचे. आणि मला — हेही लिहायला हवं — मला ते आवडायचं.

त्या वर्षी एका इंग्रजी शाळेत प्रवेशाची मुलाखत होती. बाईंनी पल्लवीला गोष्ट सांगायला लावली. तिनं उंटाची सांगितली, कंडक्टरसकट, ह्यांच्याच शब्दांत. बाई हसल्या. दारात बसलेल्या, दुसऱ्या मुलांच्या दोन आयाही हसल्या. वाईट हसल्या का? नाही. आज वाटतं, त्यांनाही मजाच आली असावी. प्रवेशही मिळाला. मग मला काय झोंबलं? वसतिगृहात असताना मी "मले" म्हटलं की मुली हसायच्या — हे कारण म्हणून लिहीत नाही. तसं घडलं होतं, एवढंच.

संध्याकाळी सातला मी ह्यांच्या हातातून पुस्तक काढून घेतलं. मुलीसमोर. मी म्हणाले, "राहू द्या तुम्ही. स्वतःला धड वाचता येत नाही, आणि पोरीचंही तोंड बिघडवता. लाज वाटली आज मला."

हे "बरं" म्हणाले. बोट मांडीवर तसंच राहिलं होतं, ओळीखाली ठेवल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी पल्लवी पुस्तक घेऊन त्यांच्याकडेच गेली. मी आतून सांगितलं, "बाबांचे डोळे दुखतात, त्यांना त्रास देऊ नको." हे माझ्याकडे पाहत राहिले. मग पोरीला म्हणाले, "हो ना बाई, लय दुखून राह्यले."

पुढे पोहरादेवीच्या यात्रेतून ते एक चष्मा घेऊन आले. एकदा ते अंघोळीला गेले असताना मी तो लावून पाहिला. सगळं होतं तसंच दिसलं. काचांना नंबरच नव्हता. शेताच्या पलीकडच्या धुऱ्यावर कोणतं पाखरू बसलंय ते सांगणारा माणूस, आणि घरात पाऊल टाकताना चष्मा लावायचा. माझं खोटं खरं दिसावं म्हणून. मी विचारलं का? नाही. ते बोलले का? नाही.

यादीतल्या "बाबा"वर रेघ मारून मी "आई" लिहिलं. वीस मिनिटं, शुद्ध, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. पल्लवी ताठ बसून ऐकायची. पहिलीत गेल्यावर म्हणाली, आता माझं मीच वाचते. तेव्हापासून सातला घर गप्प झालं ते झालंच. आजही हे येतात, चष्मा लावून खुर्चीत बसतात, मी माझी वही काढते. एका खोलीत दोघं. सिलेंडर आलं का, शेतात लाइट होती का — आणखी काय बोलायचं?

एवढंच असतं तर — पण एवढंच नाही. खरं लिहायचं ते पुढेच आहे.

दिवाळीला पल्लवी आली होती. नातू पुस्तक घेऊन आजोबांकडे गेला. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "माहे डोळे नाही ना चालत, राजा," म्हणाले आणि उठून अंगणात गेले. पल्लवी माझ्याजवळ लसूण सोलत बसली होती. म्हणाली, "आई, बाबांना वाचायची कधी आवडच नव्हती ना गं? मला एकदाही काही वाचून दाखवल्याचं आठवत नाही." चिडून नाही. कधीच मान्य करून टाकलेली गोष्ट बोलावी तसं.

उंट ती विसरली होती. फाटा, कंडक्टर, सगळं. चार वर्षांच्या पोरीला काय आठवणार? आठवण ह्यांच्याकडे होती आणि माझ्याकडे; हे सांगणार नव्हते. एक वाक्य लागलं असतं. दार उघडं होतं, अंगणात ह्यांना ऐकू गेलं असेल का? मी म्हणाले, "नव्हती."

पहिल्या वेळी मी रागात होते. या वेळी नव्हते. आवाज रोजचा होता. एका शब्दात मी लेकीचा बाप तिच्यापासून काढून घेतला आणि लसणाची टोपली पुढे ओढली.

आता पल्लवीनं अकोल्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, पुढच्या आठवड्यातली. परवा तिचा मेसेज आला : "बाबांची माहिती लिहून फोटो पाठव. नंबर किती, त्रास कधीपासून, आधी कोणाला दाखवलं. तुझ्याकडे सगळं लिहिलेलं असतंच."

वहीचं पान काढलं आहे. नाव, वय, रक्तगट, बीपीची गोळी — लिहून झालं, नीट अक्षरात. "त्रास कधीपासून" लिहिलं, दोन टिंबं दिली. त्यापुढे अजून काही लिहिलेलं नाही. पान पाठवायचं राहिलं आहे.